वाड्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा: पावसातल्या पाहणीपासून शेवटच्या सफेदीपर्यंत

दर पावसाळा संपला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "एवढे पैसे घालून चुन्याचा गिलावा केला, आणि दुसऱ्याच पावसात पापुद्रे सुटले. सिमेंट काय वाईट होतं?" जाऊन बघितलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: माल चुन्याचा, पण हात सिमेंटचा. म्हणजे आठवडाभरच मुरवलेला चुना, कोरडी भिंत, इंचभर जाड एकच थर, त्याच दिवशी घोटाई आणि वर प्लास्टिक पेंट. असं केल्यावर कोणताही चुना टिकणार नाही.

खाली दिलेली पद्धत पेशवाईतल्या आणि त्याच घडणीच्या पुढच्या वाड्यांसाठी आहे. पुणे, सासवड, वाई, सातारा, नाशिक इकडे जे वाडे उरलेत त्यांतल्या पुष्कळांची भिंत एकाच तऱ्हेची असते. खाली दगडी जोतं, वर आजच्यापेक्षा पातळ विटा, भिंतीच्या पोटात माती, मधूनमधून लाकडी खांब आणि सगळ्यावर चुन्याचा गिलावा. भिंत फुगली असेल, तुळई वाकली असेल किंवा खांब तळखड्यावरून सरकला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला अभियंता गाठा. गिलावा ही भिंतीची कातडी आहे. मोडलेलं हाड तिने सांधत नाही.

आधी कॅलेंडर काढा

निम्मी कामं इथेच बिघडतात, कारण घरोघरी बेत एकच असतो: "गणपतीच्या आत उरकून टाकू." भाद्रपदाच्या आत उरकायचं म्हणजे भर पावसात लावायचं. बाहेरची भिंत धुऊन जाते, आतली महिनोन्‌महिने ओलीच राहते. एप्रिल-मे दुसऱ्या टोकाला वाईट, तेव्हा थर घट्ट होण्याआधीच वाळतो.

मी पाळतो तो क्रम असा. आषाढात भिंत बघा. श्रावणात चुना पाण्यात विरवून मुरत घाला. दसऱ्यानंतर जुना गिलावा काढा. दिवाळीनंतर थापी हातात घ्या आणि माघाच्या आत सफेदी संपवा. यंदाचा आषाढ हुकला असेल तर काम पुढच्या वर्षी करा. तोवर कौलं आणि पन्हळी नीट करून घेतल्या तरी वर्ष वाया गेलं असं होत नाही.

टप्पा १: पावसात भिंत बघणे

एक वही, खडू, ओळंबा आणि लहान लाकडी हातोडी एवढं पुरे. सलग दोन-तीन दिवस पाऊस लागला की वाड्याला आतून-बाहेरून फेरी मारा आणि ओल कुठून येते ते लिहा. वरून आली असेल तर फुटकं कौल, तुंबलेली पन्हळ किंवा भिंतीत रुजलेला पिंपळ सापडेल. मधूनच आली असेल तर वरच्या मजल्यावर नंतर केलेलं न्हाणीघर बघा. खालून आली असेल तर बाहेरच्या जमिनीची उंची मोजा. आपल्याकडे रस्ता दरवेळी खोदण्याऐवजी वर वर चढवतात. जोत्याची एखादी पायरी गाडली जाते आणि पावसाचं पाणी थेट विटेला भिडतं.

खालून येणाऱ्या ओलीवर घरोघरी केलेला उपाय म्हणजे तीन-चार फूट उंच सिमेंटचा पट्टा. तो लावला की पट्ट्यापुरती भिंत कोरडी दिसते, आणि मालक खूश होतो. पाणी मात्र आत कोंडलेलंच असतं. बाहेर पडायला वाट नाही म्हणून ते वर चढतं आणि पट्ट्याच्या बरोबर वरच्या कडेला लोणा, म्हणजे भिंतीतल्या मिठाची पूड, फुटतो. त्या उंचीवर भिंतीत लाकडी खांब असेल तर तोही आतल्या आत कुजतो. आमच्या मागच्या माजघरात पट्टा उतरवल्यावर खांबात बोट पहिल्या पेरापर्यंत सहज गेलं. वरून त्याच खांबाला तेलपाणी करून आम्ही दरवर्षी चकाकी आणत होतो.

*तपासा:* हातोडीने भिंत हलकेच वाजवत जा. घट्ट गिलावा टणटण वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द भागांना खडूने रिंगण करा. सगळाच गिलावा काढायची गरज क्वचित पडते. जो जुना चुना दोनशे वर्षं घट्ट बसलाय त्याला हात लावू नका.

*सावधान:* ओलीचं कारण दूर होईपर्यंत गिलाव्याच्या कामाला हात घालू नका. पन्हळ दुरुस्त करा, बाहेरची माती जोत्याच्या खाली उतरवा, पाण्याला उतार द्या. नंतर भिंतीला निदान दोन महिने सुकू द्या.

टप्पा २: परवानगी, आणि भिंतीवर चित्रं आहेत का

केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरांत निर्बंध आहेत. डागडुजीलाही परवानगी काढावी लागते. शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांना हे पाठ आहे, इतरांना नोटीस आल्यावर कळतं. याशिवाय वाडा पालिकेच्या वारसा यादीत आहे का ते विचारून ठेवा. पावसाळ्यात वेळ असतो, कागद तेव्हाच फिरवा.

दुसरी चौकशी भिंतीलाच करायची. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात आणि वाईच्या मोतीबागेत रास्त्यांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत. तुमच्याकडे नसतीलच असं धरून चालू नका. सफेदीचे थर वर्षानुवर्षं एकावर एक चढत आलेले असतात आणि त्यांच्याखाली काय आहे ते घरातल्या कुणालाच माहीत नसतं. दिवाणखाना, देवघर, कोनाड्यांच्या कडा, महिरपीच्या वरचा पट्टा आणि जिन्याजवळची भिंत अशा जागी नखाएवढी खिडकी करून बघा. बोथट पात्याने एकेक पापुद्रा उचला. लाल, हिरवा किंवा काळी रेघ दिसली की हात थांबवा, खिडकी मोठी करू नका, फोटो काढा आणि चित्रसंवर्धनाच्या माणसाला बोलवा. त्या भिंतीवर गवंड्याचं काम नाही.

टप्पा ३: चुना विरवणे आणि मुरवणे

बाजारात तीन प्रकार मिळतात. भट्टीतून आलेला खडे-खडे कळीचा चुना, पिशवीतली विरवलेली भुकटी, आणि तयार मुरवलेला लगदा. ताजा कळीचा चुना मिळत असेल तर तोच घ्या. ताजा खडा आकाराच्या मानाने हलका लागतो आणि दुसऱ्या खड्यावर आपटला की खणखणतो. पोत्याच्या तळाशी पीठच जास्त असेल तर त्याने हवेतली ओल आधीच खाल्लेली आहे. पिशवीतली भुकटी घ्यायचीच वेळ आली तर चिमूटभर घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर तो चुना पिशवीतच मेला, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी झाला. भिंतीवर त्याचा उपयोग वाळूइतकाच.

किती लागेल? १०० चौरस फुटांवर एकूण २० मिलिमीटर जाडी धरली तर माल साधारण १९० लिटर होतो. मुरलेला चुना त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, ६५ ते ७० लिटर. खड्डे आणि नासाडी धरून ९० लिटर तयार ठेवा. त्यासाठी ५० किलोच्या आसपास कळीचा चुना घ्या.

१. विटांचा हौद किंवा लोखंडी पिंप घ्या. प्लास्टिकचं पिंप चालत नाही, उष्णतेने मऊ पडतं.

२. आधी पाणी भरा, चुन्याच्या मापाच्या तिप्पट. मग खडे थोडे थोडे सोडा. चुन्यावर पाणी कधीही ओतू नका. पाणी क्षणात उकळतं आणि गरम चुना डोळ्यांत उडतो. बंद चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या घालूनच हे काम करा आणि शेजारी स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या ठेवा. डोळ्यात गेलं तर पाण्याची संततधार धरा आणि तसंच दवाखान्यात न्या. मुलं आणि कुत्री-मांजरं त्या दिवशी अंगणात नकोत.

३. लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत राहा. उकळी बसली आणि दुधासारखं झालं की दोन-तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळा. जाळीवर राहिलेले खडे फेकून द्या. ते कमी किंवा जास्त भाजलेले असतात.

४. गाळलेला चुना हौदात ठेवा. वर कायम चार बोटं पाणी हवं. हवा लागू द्यायची नाही.

५. तीन महिने विसरून जा.

तीन महिने म्हटलं की लोक घासाघीस करतात. पहिल्यांदा मीही केली होती, दहा दिवसांच्या चुन्याने एक भिंत पुरी केली. महिनाभर दृष्ट लागावी अशी दिसली. पुढे तिच्यावर चवलीएवढ्या फुटकुळ्या आल्या. एकेक टवका निघून खाली पडे आणि खळग्याच्या मध्यावर पांढरा ठिपका दिसे. तो ठिपका म्हणजे न विरलेला कण. लगद्यात त्याला पाणी मिळायला वेळ मिळाला नव्हता, तो भिंतीत गेल्यावर विरला आणि फुगला. त्या भिंतीला मी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा खरवडलं.

*तपासा:* मुरलेला चुना थापीवर लोण्यासारखा बसतो, थापी उलटी केली तरी लगेच सुटत नाही. बोटांत चोळला तर कण लागत नाही. वर साचलेलं नितळ पाणी, म्हणजे चुन्याची निवळी, फेकू नका. ती भिंत भिजवायला लागते.

टप्पा ४: वाळू, सुरखी, आणि गुळाचा विषय

गोल, सारख्या कणांची बारीक वाळू दिसायला सुंदर असते पण गिलाव्याला नको. कण टोकदार आणि लहान-मोठे मिसळलेले हवेत. क्रश सँड वापरत असाल तर तिच्यातली दगडाची पूड धुऊन काढा. बरणीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून तासभर ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या भागापेक्षा जाड असेल तर अजून धुवा. कोकणात खाडीची वाळू तर घेऊच नका, मिठाने भिंत जन्मभर पाझरते.

प्रमाण सांगण्याआधी एक प्रयोग. पूर्ण वाळलेली वाळू लिटरच्या भांड्यात काठोकाठ भरा. मापून पाणी ओता, ते वाळूच्या तोंडाशी येईपर्यंत. जेवढं पाणी मावलं तेवढी वाळूच्या कणांमधली पोकळी, आणि तेवढाच चुना त्या वाळूला लागतो. साधारण तिसरा हिस्सा भरतो, म्हणून एकास तीन हे प्रमाण रूढ झालं. तुमच्या वाळूत ४०० मिलिलिटर मावलं तर एकास अडीच घ्या. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा हे भांडं खरं.

आतल्या कोरड्या भिंतीला चुना आणि वाळू पुरतात. बाहेरच्या, जोत्याजवळच्या किंवा ओल खाणाऱ्या भागासाठी सुरखी घाला: एक घमेलं चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. वीट मऊसर भाजलेली हवी, नखाने ओरखडा उठेल अशी. काळपट, खडखडीत भाजलेली वीट दळून घातली तर ती नुसती तांबडी वाळू होते. पाडकामातल्या विटांना सिमेंट चिकटलेलं असतं, त्या घेऊ नका.

आता गूळ. "जुन्या भिंतीत गूळ होता, बेलफळ होतं, मेथी होती, अंडी होती." काही होतं, काही दंतकथा आहेत. गुळाने माल थापीखाली मऊ चालतो आणि चुना पाण्यात जास्त विरघळतो, हे खरं. जास्त झाला तर मात्र माल घट्ट व्हायला नको तेवढा वेळ लावतो, वर बुरशी येते, मुंग्या येतात. वीस लिटर पाण्याला मूठभर गूळ रात्री भिजवून, गाळून घ्या, त्यापुढे जाऊ नका. बेलफळाचा गर चिकटपणासाठी घालतात, बाहेरच्या भिंतीला घातलात तर हरकत नाही. तंतू हवेतच: ताग बोटाच्या दोन पेरांएवढा कापून, पिंजून, फक्त पहिल्या थरात. तागाचे गोळे राहिले तर तिथे पोकळी राहते. अंड्यांचं ऑम्लेट करा.

जुन्या गिलाव्यात काय होतं हे बघायचं असेल तर रुपयाएवढा तुकडा हलक्या हाताने फोडून व्हिनेगरमध्ये घाला. दर दिवशी व्हिनेगर बदला. चुना विरघळेल, आपल्याकडची काळ्या दगडाची वाळू आणि विटेचे लाल कण तळाशी राहतील. त्यांचा रंग आणि जाडी बघून नवी वाळू निवडा. डागडुजी केलेल्या जागी नवं-जुनं एकमेकांत मिसळावं यासाठी याचा फार उपयोग होतो.

टप्पा ५: माल घोटणे

पूर्वी दगडी चाकाच्या घाणीत बैल फिरवून चुना दळत. आज घाणी मिळाली, मोटारीवरची का असेना, तर उत्तमच. काँक्रीटचा फिरता मिक्सर उपयोगाचा नाही, त्यात चुन्याचे लाडू वळतात. लहान कामाला फरशीवर ढीग करून लाकडी मोगरीने कुटत, फावड्याने उलथत राहा, निदान अर्धा तास. सुरुवातीला माल कोरडा वाटतो आणि बिगारी हमखास पाण्याचा तांब्या उचलतो. त्याला थांबवा. कुटता कुटता चुना आपलं पाणी सोडतो आणि माल आपोआप सैल होतो. वरून घातलेला प्रत्येक तांब्या नंतर भिंतीवर भेग होऊन दिसतो.

चुना-वाळूचा माल ओल्या गोणपाटाखाली आठवडाभरसुद्धा राहतो, वापरण्याआधी पुन्हा कुटायचा. सुरखी घातलेला माल त्याच दिवशी संपवा.

*सावधान:* "मालक, जरा एक पाटी सिमेंट टाकू, पक्कं होईल." हे वाक्य तुम्ही ऐकणारच. नाही म्हणा. थोडंसं सिमेंट चुन्याला बळ देत नाही, वेगळं होऊन बसतं आणि माल कमकुवत करतं. शिवाय त्यातले क्षार भिंतीत उतरतात.

टप्पा ६: जुना गिलावा काढणे, लोणा झाडणे

छिन्नी आडवी धरा, भिंतीशी जवळजवळ समांतर, आणि कडेकडून मध्याकडे या. ब्रेकर मशीन वाड्यात आणू नका, तिच्या थरथराटाने पलीकडच्या खोलीतला चांगला गिलावा सुटतो. सिमेंटचा पट्टा कधी कधी विटेचा चेहरा ओढून घेऊन निघतो. दोन-चार ठिकाणी तसं झालं तर उरलेला भाग तसाच ठेवणं शहाणपणाचं. सिमेंटचा हट्ट पुरवा, वीट वाचवा.

विटांमधले सांधे अर्धा इंच आत उकरा. माती सुटी असेल तेवढीच. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली पडलेली पूड सुपलीत भरून वाड्याबाहेर टाका, तिथेच राहिली तर पुढच्या ओलीत पुन्हा चढेल. पाण्याने धुतलात तर मीठ पुन्हा आत जातं. फार खारलेल्या भागाला कागदाचा ओला लगदा बोटभर जाड लावून वाळू द्या, वाळताना तो क्षार ओढून घेतो. दोन-तीनदा करावं लागतं.

आणि एक बघून घ्या: भिंत विटेची आहे की भेंड्याची, म्हणजे कच्च्या मातीच्या ठोकळ्यांची. वरच्या मजल्यावर आणि परसाकडे भेंडा पुष्कळदा सापडतो. भेंड्यावर जाड चुना थेट धरत नाही. तिथे भुसा घालून आठवडाभर कुजवलेल्या मातीचा गिलावा द्यायचा, तो पूर्ण वाळल्यावर वर चुन्याचा पातळ हात.

टप्पा ७: भिजवणे आणि पहिला थर

जुनी वीट अधाशी असते. तिला आधी पाणी पाजलं नाही तर ती मालातलं पाणी शोषते आणि माल वाळूसारखा भुसभुशीत होतो. आदल्या संध्याकाळी भिजवा, सकाळी भिजवा, लावण्याआधी अर्ध्या तासाने निवळी शिंपडा.

*तपासा:* ओंजळभर पाणी उडवा. लगेच नाहीसं झालं तर अजून भिजवा. ओघळ खाली वाहत राहिले तर थांबा. भिंत गडद दिसते पण चमकत नाही, तेव्हा लावायची वेळ झाली.

खोल खड्डे असतील तर ते एक-दोन दिवस आधीच विटेचे रोडे आणि माल दाबून भरून घ्या. मग पहिला थर. थापीने जोरात फेकून मारायचा, सारवल्यासारखा ओढायचा नाही. फेकलेला माल सांध्यांत घुसतो, आत हवा राहत नाही. जाडी ८ ते १० मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. लाकडी फळीने सारखा करा, आणि घट्ट झाल्यावर खिळ्याच्या फळीने तिरप्या जाळीचे ओरखडे काढा, आरपार विटेपर्यंत न जाणारे.

लाकडी खांबावरून गिलावा सलग नेऊ नका. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि तिथे उभी भेग ठरलेली. खांबाच्या कडेशी थापीच्या टोकाने बारीक खाच सोडा. खांब पूर्ण झाकायचाच असेल तर त्यावर काथ्याची दोरी गुंडाळून माल लावा.

टप्पा ८: परत या

सगळ्यांत जास्त चुकतं ते इथेच. सिमेंटचा गवंडी सकाळी लावतो, दुपारी घोटतो, संध्याकाळी पैसे घेऊन जातो. चुन्याचा थर वाळताना आकसतो आणि बारीक भेगा पडतात, चांगल्या कामातही. त्या बुजवायच्या असतात थर अर्धवट घट्ट असताना: बोटाने दाबलं तर ठसा उमटत नाही, पण नखाने रेघ ओढता येते तेव्हा. हिवाळ्यात ही वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी येते, कधी तिसऱ्या. त्या वेळी निवळीचा हबका मारून लाकडी गुरमाळ्याने गोल गोल दाबून घ्यायचं. भेग मिटते आणि थर आतून घट्ट बसतो. एकदा वाळून गेला की मग वरून कितीही घोटा, भेग आत तशीच.

आमच्याकडे आलेले सत्तरीचे गवंडी मामा दुपारचा डबा खाऊन झाला की काही न बोलता उठायचे, कालच्या भिंतीवर तळहात टेकवायचे आणि परत बसायचे. तिसऱ्यांदा उठले तेव्हा गुरमाळा हातात असायचा. "सिमेंटला पाठ दाखवली तरी चालतं, याला नाही," एवढंच म्हणाले.

म्हणून चौरस फुटाचा ठेका देऊ नका. ठेक्यात परत येण्याचे पैसे नसतात, त्यामुळे कुणी येत नाही. रोजावर काम द्या. दोन खोल्या आलटून पालटून चालवल्या तर गवंड्याचा दिवसही रिकामा जात नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या थरात किमान आठ-दहा दिवस. दुसरा थर तागाशिवाय, पुन्हा ८ ते १० मिलिमीटर, आधी पहिला थर भिजवून. ओळंबा लावा पण वाड्याची भिंत सरळ करण्याच्या नादी लागू नका. जुनी भिंत थोडी लहरत असते. ती लहर भरायला गेलात तर कुठे तरी दोन इंच माल चढेल, आणि नेमका तोच सुटेल.

टप्पा ९: ओलावा राखणे

बाहेरच्या भिंतीवर ओलं गोणपाट टांगा, भिंतीपासून चार बोटं दूर. दिवसातून दोन-तीनदा फवारा, दहा-बारा दिवस. नळी लावून भिंत न्हाऊ घालणं सिमेंटचं, इथे त्याने नुकसान होतं. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने दगड होतो. भिंत ठणठणीत कोरडी असेल तर हे होत नाही, पाण्याने तुडुंब असेल तरी हवा आत शिरत नाही. किंचित दमट, मग सुकत आलेली, मग पुन्हा दमट, असं चालू द्या. वेग फार कमी असतो, महिन्याला जेमतेम एखादा-दुसरा मिलिमीटर. उघड्या खिडकीतून थेट वारा येत असेल तर तिला पोतं लावा.

*तपासा:* शंका असेल तर कोपऱ्यात लहान टवका काढून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाका, शाळेच्या प्रयोगशाळेतही असतं. गुलाबी झाला तो भाग अजून कच्चा, रंग आला नाही तो पिकला.

टप्पा १०: नीरू आणि सफेदी

गुळगुळीत भिंत हवी असेल तर नीरू: कापडातून गाळलेला मुरलेला चुना, त्यात थोडी संगमरवराची पूड, जाडी दोन-तीन मिलिमीटर, थर ओलसर असतानाच लावून दाबून घोटायचा. दिवाणखान्यात शोभतो. माजघर, सोपा, परसाकडच्या भिंतींना सफेदी पुरते, तिथे नीरूवर पैसे घालू नका.

सफेदीसाठी चुना दुधाइतका पातळ करा. साईसारखा जाड लावला तर भुकटी होऊन कपड्यांना लागते, आणि "चुना अंगाला लागतो" ही तक्रार तिथूनच येते. भिंत ओली करून पहिला हात द्या. तो जवळजवळ दिसणारच नाही, घाबरून लगेच दुसरा देऊ नका, वाळल्यावर पांढरा येतो. एका दिवसाला एकच हात, असे चार ते पाच. रंग हवा असेल तर गेरू, पिवडी, काव असे मातीचे रंगच चुन्यात टिकतात. आधी पाण्यात भिजवून, गाळून घाला, आणि पूर्ण खोलीचा रंग एकाच बादलीत करा. दुसऱ्या बादलीची छटा कधीच जुळत नाही.

*सावधान:* ऑइल पेंट, प्लास्टिक इमल्शन, भिंतीची तयार पुट्टी, वॉटरप्रूफ लेप यांतलं काहीही वर लावू नका. एका हातात भिंतीचा श्वास बंद होतो आणि टप्पा १ मधली सगळी गोष्ट पुन्हा सुरू होते.

पहिल्या पावसानंतर हातोडी घेऊन पुन्हा एक फेरी मारा. दोन-चार ठिकाणी बद्द आवाज येईलच. तेवढा भाग कडा आत तिरप्या कापून काढा, भिजवा आणि भरा. त्यासाठी हौदात वीस-पंचवीस लिटर चुना मुद्दाम मागे ठेवायचा असतो, पाण्याखाली.